बावन्न रविवारांचं गाठोडं

"सुनेच्या कानावर यातलं काही जाता कामा नये," सासरे हळूच म्हणाले, आणि पडद्याआड तांदूळ निवडणाऱ्या सुनेच्या कानावर नेमकं तेच गेलं.

ही फार फार मागची गोष्ट. तेव्हा गावांना नावं नव्हती, आणि सकाळ धुक्यातून हळूहळू, विचार करत करत उगवायची. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण गोष्ट मोठ्यांचीच आहे.

नदीकाठच्या टेकाडावर प्रभूचं एक लहानसं देऊळ होतं. सासरे तिथले पाळक, दर रविवारी प्रवचन करणारे. तीस वर्षांपूर्वी त्यांनी बावन्न प्रवचनं लिहिली होती, वर्षातल्या प्रत्येक रविवारसाठी एक, आणि ती एका गाठोड्यात क्रमाने बांधून ठेवली होती. तो क्रम कधी चुकला नव्हता. मंडळीला याचा केवढा अभिमान! सून लग्न होऊन आली तेव्हा दुसऱ्याच रविवारी तिच्या लक्षात आलं की, तिसऱ्या रांगेतले आजोबा विनोद यायच्या आधीच हसून घेतात. म्हणजे मग निवांत डोळे मिटता येतात.

मग सुगीचा रविवार आला. त्या प्रवचनात पाळक विचारत, "ज्यांचं घर भरलंय, त्यांनी हात वर करा." सगळे हात वर करत, ही रीतच होती.

त्याच आठवड्यात नदीवर नाव चालवणाऱ्या नाववालीची सहा वर्षांची मुलगी तापाने गेली होती. नाववाली मागे भिंतीपाशी बसली होती. पाळकांनी पान उलटलं आणि तेच विचारलं. सवयीने सगळे हात वर गेले. एकटी नाववाली उठली आणि बाहेर निघून गेली. पाळकांना ते दिसलं, पण पान संपायचं होतं. त्यांनी ते संपवलं.

संध्याकाळी ते तिच्या दारी गेले. ती एवढंच म्हणाली, "पाळकसाहेब, त्या गाठोड्यात माझ्यासाठी काही आहे का?"

पाळकांनी घरी येऊन बावन्नच्या बावन्न प्रवचनं वाचली. तिच्यासाठी काही नव्हतं.

नदीपलीकडे चिंचेच्या बनात थोरांची शाळा भरायची. ज्यांनी आयुष्यभर शास्त्र शिकवलं, सेवा केली, ते तिथे पुन्हा शिकायला बसत. गुरुजी सगळ्यांहून तरुण होते. पाळक दर गुरुवारी तिकडे जाऊ लागले. विद्वानाचं घर म्हणून सुनेच्या वडिलांनी मुलगी दिलेली; पन्नाशी उलटलेला तो विद्वान पाटी घेऊन शाळेत जातो, हे तिला कळलं तर काय पत राहिली? म्हणून तो हळू आवाज. सासूबाईंनी विचारलं होतं, मग भाकरी कुणासाठी बांधते म्हणून सांगू? आजाऱ्याला भेटायला जातो म्हण, असं ठरलं. सून मुकाट तांदूळ निवडत राहिली. दर गुरुवारी आजारी पडणारा हा कोण, हे तिने एकदाही विचारलं नाही.

पलीकडे जायला नाव एकच होती, नाववालीची. ती वल्हवायची, पाळक खाली मान घालून बसायचे.

पहिल्याच दिवशी गुरुजी म्हणाले होते, "तुम्ही आजवर ज्यांना उत्तरं दिलीत, त्यांनी काय विचारलं होतं ते लिहा." पाळकांची पाटी संध्याकाळपर्यंत कोरी राहिली.

पाटी बाहीने पुसायची त्यांना सवय. पुढे एका शुक्रवारी देवळाचा कारभार पाहणाऱ्या थोरल्या पंचांना बाहीवरची पांढरी भुकटी दिसली, त्यांनी चौकशी केली आणि सगळं गावभर झालं. पंच घरी आले. पाळकालाच अजून शास्त्र यायचंय, तर तीस वर्षं आम्ही काय ऐकलं, असं विचारून ते म्हणाले की, रविवारी सर्वांसमोर सांगा, शाळा हवी की देऊळ.

पंच गेल्यावर पाळकांनी पाटी माळ्यावर टाकली. "गावाला कळलं ते कळलं, सुनेला कळायच्या आत संपलं, ते बरं झालं," असं ते बायकोला म्हणाले.

रविवारी सकाळी सुनेने पाटी माळ्यावरून काढली, पुसली आणि गाठोड्यावर ठेवून त्यांच्या हातात दिली. पाळकांनी बायकोकडे पाहिलं. सासूबाईंनी छपराकडे पाहिलं.

देवळात पाळक उभे राहिले. गाठोड्याची गाठ त्यांनी सोडलीच नाही.

"आज माझ्यापाशी लिहिलेलं काही नाही," ते म्हणाले. "मी शिकतोय. शाळा सोडणार नाही."

थोरले पंच उठले. शिकणाऱ्याला पाळक कसं म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. तेवढ्यात दार करकरलं. ओल्या पायांनी नाववाली आत आली आणि मागे, भिंतीपाशी, आपल्या जागी बसली.

तेव्हा सून उभी राहिली. तिचा आवाज त्या गावाने तोवर ऐकलाच नव्हता.

"गेल्या गुरुवारी मी घाटावर पाणी भरत होते. धुक्यात नाव मधोमध थांबली होती, पण बोलणं पाण्यावरून ऐकू येत होतं. मामंजी नाववाल्या ताईंना विचारत होते, तुमची लेक कशी होती? आणि मग कितीतरी वेळ ते नुसतं ऐकत होते. ताई सांगत होत्या, ती म्हणायची की, देवळाच्या घंटेचा आवाज नदी पोहून येतो, म्हणून पलीकडे ओला पोचतो. पंचांनो, तीस वर्षं तुम्ही काय ऐकलंत ते मला ठाऊक नाही. मामंजी काय ऐकायला शिकले, ते मी ऐकलं. आत्याबाई, या गुरुवारी दोघांची भाकरी बांधा. मीही जाणार आहे."

जो शिकायचं थांबत नाही, त्याच्याच शिकवण्यात दुसऱ्याच्या दुःखाला बसायला जागा असते.