सर्जेरावांची नखं

"म्हणजे तुम्ही त्याला माफ केलंत? इतक्या सहज?"

अमोस ओसरीच्या पायरीवरच थांबला होता. वर यायला तयार नव्हता.

चर्चचे पाळक यशया उजागरे बाजेशेजारी बसून एका म्हाताऱ्याची पाठ कोमट पाण्याने पुसत होते. त्यांनी फडकं पिळलं.

"नाही," ते म्हणाले.

बाजेवरचा म्हातारा म्हणजे सर्जेराव. कबरस्तानाची वाट त्याच्या शेताच्या बांधावरून जायची. पाळकांची बायको सलोमी वारली, त्या दिवशी तो काठी घेऊन बांधावर उभा राहिला. शवपेटी पुढे जाऊ दिली नाही. लोकांनी हातापाया पडून पाहिलं, पण तो हलला नाही. शेवटी पेटी ट्रॅक्टरवर चढवून तालुक्याला नेली आणि सलोमीबाईंना परक्या गावात पुरलं.

अमोस आईविना वाढलेला. सलोमीबाईंनीच त्याला जेवू घातलं, वाचायला शिकवलं. पेटीला पुढून खांदा त्याचाच होता.

आता तो धर्मशिक्षण पुरं करून पाळकांच्या हाताखाली काम शिकायला आला होता. कालच्या रविवारी वैऱ्यावर प्रीती करण्याबद्दल त्याने असं प्रवचन दिलं, की बायकांनी पदराने डोळे पुसले.

आणि आज सकाळी ओसरीवर हा...

सर्जेरावाला अर्धांगवायू झाला होता. वाचा गेली होती. मुलं शहरात निघून गेली, जाताना बापाला पडवीत ठेवून गेली. शेजाऱ्यांनी थोडे दिवस भाकरी दिली, मग तेही कंटाळले. काल दुपारी पाळकांनी बैलगाडी नेऊन त्याला घरी आणलं.

"माफ केलं नाही, तर मग हे काय चाललंय?" अमोसने विचारलं.

"आंघोळ."

"पाळकसाहेब, मनात एक आणि हातात एक... याला ढोंग म्हणतात."

"म्हणत असतील."

पाळकांनी म्हाताऱ्याला कुशीवर वळवायला घेतलं. त्यांचंही वय झालेलं. हात घसरला आणि सर्जेरावाचं डोकं बाजेच्या कडेवरून खाली लोंबलं. घशातून घरघर आली.

अमोस पायऱ्या चढून धावला. डोकं दोन्ही हातांनी उचललं.

घरघर थांबली. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. ओळखलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं... पण ते आजारानेही वाहत असेल.

अमोसला डोकं खाली ठेवता येईना.

"मला याचा राग येतोय," तो हळू आवाजात म्हणाला. "आत्ताही येतोय."

"धरून ठेव. मान पुसायची राहिलीय."

पाळकांनी मान पुसली. कानामागे पुसलं.

"तुम्हाला नाही येत राग?"

पाळक फडकं धरून तसेच थांबले.

"काल याची नखं काढत होतो," ते म्हणाले. "उजवा हात हातात घेतला आणि एकदम आठवलं... काठी याच हातात होती. बांधावर हाच हात आडवा झाला होता. कशीबशी त्या हाताची नखं काढली. मग कात्री खाली ठेवली आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. देवाला म्हटलं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

"मग? देव काय म्हणाला?"

"काही नाही."

अमोसच्या हातांत म्हाताऱ्याचं डोकं जड झालं होतं. त्याने मांडी घातली आणि ते मांडीवर घेतलं.

"मग परत आत कशाला आलात?"

पाळकांनी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

"डाव्या हाताची राहिली होती."