शेंदराखालचा देव

एक होता डोंगर आणि त्या डोंगराला चढला होता ताप. हसू नका. माणसाला ताप चढतो, गुरावासराला चढतो, मग डोंगराला का चढू नये? या डोंगराचं नाव धुनीमाथा. त्याच्या पोटात आग होती. कोण्या युगात म्हणे तो ज्वाळा ओकत असे आणि वितळलेला दगड नदीसारखा खाली वाहत असे. मग कधीतरी तो शांत झाला. त्याच्या माथ्यावरच्या खळग्यात पावसाचं पाणी साठलं. पळसाच्या द्रोणात धरावं तसं गोल, निळं, अथांग पाणी. तळ्याच्या एका काठावर काळ्या पाषाणाचे उंच खांब रिंगण धरून उभे होते. ते कोणी उभे केले, कधी केले, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आणि त्या रिंगणाच्या मधोमध बसला होता माथेश्वर.

आता हा माथेश्वर दिसायचा कसा? बरं का, तो दिसायचाच नाही! दिसायचा तो नुसता शेंदूर. कोणाचं मूल बरं झालं, लाव देवाला शेंदूर. कोणाची गाय व्याली, लाव शेंदूर. पाऊस आला म्हणून शेंदूर, नाही आला म्हणूनही शेंदूर. आणि नियम असा, की देवाच्या अंगावर चढलं ते देवाचं झालं. ते उतरवायचं नाही, त्याला नखही लावायचं नाही. असे कित्येक पिढ्यांचे थर साचले. नाक बुजलं, डोळे बुजले, उरला एक मोठा केशरी गोळा. तळ्यात मासे धरणारी भिमी कोळीण हात जोडता जोडता म्हणायची, "देवा, रागावू नकोस हं, पण तुझा अगदी लाल भोपळा झालाय!"

शेंदूर चढवण्याची सेवा गुरवाच्या घराकडे होती. म्हातारे सोमाबा गुरव यांचे हात कापू लागले, तेव्हा ती सेवा त्यांच्या सुनेकडे आली. तिचं नाव ठकू. नवरा देवाघरी गेलेला, पदरात दोन चिमण्या लेकी. घर डोंगराच्या पायथ्याशी, गावात. ठकू रोज पहाट फुटताना माथ्यावर चढायची, तळ्याचं पाणी आणून देवाला स्नान घालायची, दगडी खलात शेंदूर वाटायची, तिळाच्या तेलात कालवायची आणि तळहातानं देवाला लावायची. लावताना तिला वाटायचं, आपण देवाच्या गालावरून हात फिरवतोय.

तर एकदा काय झालं, ठकूनं तळ्यात घागर बुडवली आणि दचकून हात मागे घेतला. पाणी कोमट होतं! माघ महिना, अंगावर काटा आणणारी थंडी, आणि तळ्याचं पाणी न्हाणीघरातल्यासारखं कोमट.

ती धावत खाली आली. बातमी राजा धीरसेनाच्या कानी गेली. राजा भाविक होता, प्रजेवर माया करणारा होता. तो घाबरून म्हणाला, "देव कोपला! आपलीच सेवा उणी पडली. चढवा एक हात शेंदूर." मग ठकूनं एक हात शेंदूर चढवला. तीन दिवस डोंगर गप्प राहिला. गावानं सुटकेचा श्वास टाकला.

चौथ्या दिवशी तळ्यातले मासे पोट वर करून तरंगू लागले. विहिरींच्या पाण्याला गंधकाचा वास येऊ लागला. चुलीवरची भांडी आपोआप थरथरू लागली. भिमीचं हसू मावळलं. "ठकूबाई," ती म्हणाली, "हे मासे मेले नाहीत गं, शिजलेत."

राजा म्हणाला, "देव अजून रुसलेला आहे. आता दुप्पट चढवा." घराघरातून वाटी वाटी शेंदूर आला. ठकू दोन्ही हातांनी लावू लागली. आणि लावता लावता तिच्या तळव्याखाली काहीतरी हललं.

तिनं हात उचलला. ओल्या शेंदरावर एक बुडबुडा फुगत होता. फुगला, मोठा झाला, आणि फुस्स करून फुटला. आतून कढत वाफ आली. ठकूचा तळवा पोळला. ती बघतच राहिली. बुडबुडा फुटलेल्या जागी शेंदूर पुन्हा मिटला, आणि त्याच क्षणी पायाखालची भूमी गुरगुरली.

घरी येऊन तिनं सासऱ्यांना विचारलं, "मामंजी, आपल्या देवाला तोंड आहे का?"

"सूनबाई, हा काय प्रश्न झाला!"

"आहे का सांगा."

सोमाबांनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "माझे पणजोबा म्हणत, देवाचे ओठ उघडे आहेत. त्यातून म्हणे ऊन ऊन वारा यायचा. थंडीत गुराखी तिथे हात शेकायचे. पण मी काही पाहिलं नाही. माझ्या वडिलांनीही नाही."

"मामंजी, तो वारा अजून येतोय. वाट मिळत नाही म्हणून तो आत कोंडलाय. देव रागावलेला नाही हो, देव गुदमरलाय! आपण शेंदूर काढला पाहिजे."

"गप्प बस!" सोमाबांनी कानांवर हात ठेवले. "ज्या हातांनी लावलं त्याच हातांनी खरवडणार? सात पिढ्या नरकात जातील."

ठकूनं ताटं वाढली. पण तिला घास गेला नाही. शेंदूर काढावा तर घोर पाप. न काढावा तर डोंगर फुटणार, आणि पायथ्याशी आहे अवघं गाव, त्यात आपल्या दोन लेकी. काय करील बिचारी!

सकाळी मोठा आवाज झाला. माथ्यावरचा एक पाषाणखांब मुळासकट उन्मळून तळ्यात कोसळला होता. काठाकाठानं पाणी उकळत होतं. मग राजा स्वतः डोंगर चढून आला. सोबत चार सेवक, आणि सेवकांच्या हाती भला थोरला चांदीचा मुखवटा. राजानं आज्ञा केली, "सूर्य माथ्यावर आला की हा मुखवटा देवावर चढवा. कडेनं वितळलेलं शिसं ओता, म्हणजे तो कधीही ढळणार नाही."

ठकू पुढे धावली. शिसं ओतलं की उरलीसुरली फटही मिटणार! ती राजाच्या पाया पडली. "महाराज, मुखवटा नको. देवाचं तोंड बुजलंय. आधी शेंदूर काढू द्या."

"देवाला सोलतेस?" राजाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, खाली माझंही लेकरू आहे. देवाला आणखी चिडवू नकोस. ऐका रे सगळे! या शेंदराला जो हात लावील, त्याला मी या उकळत्या तळ्यात टाकीन. ही माझी शपथ."

ठकू उठली. तिनं डोळे पुसले. मग हात जोडून म्हणाली, "जशी आज्ञा. पण महाराज, मुखवट्याआधी देवाला स्नान हवं. आणि स्नानाच्या वेळी पडद्याआड गुरवावाचून कोणी थांबायचं नसतं. ही इथली रीत."

रीत तर खरीच होती. राजानं मान हलवली. रिंगणाला पडदा बांधला. बाहेर सेवक शिसं वितळवू लागले. सूर्य माथ्यावर यायला वीतभर आकाश उरलं होतं.

पडद्याआड ठकू आणि देव. तिनं डोळे मिटून हलक्या आवाजात म्हटलं,

माझे हात पापी, म्हणोत हे जन ।
तुझे समाधान, पाहू दे गा ॥

मग तिनं तळ्याचं कढत पाणी देवावर ओतलं. तेलातला शेंदूर मऊ पडला. नारळाच्या करवंटीनं ती खरवडू लागली. पहिला थर निघाला लोण्यासारखा. तो तिनं स्वतः लावलेला होता. दुसरा निघाला चामड्यासारखा, चिवट, तो सोमाबांच्या हातचा. त्यात कोणाच्या नवसाचे तांदूळ अडकले होते, कोण्या तान्ह्याची बांगडी रुतली होती. तिनं बांगडी कपाळाला लावली आणि बाजूला ठेवली. मग आला तिसरा थर, आणि करवंटी फुटली. तो थर झाला होता दगड. ठकूनं नखं लावली. नखं तुटली, बोटांतून रक्त आलं, पण शेंदराचा कणही हलेना. पलीकडून सेवकाची हाक आली, "शिसं तयार आहे, महाराज!"

तेवढ्यात पडदा हलला. सुनेच्या मागोमाग डोंगर चढून आलेले सोमाबा आत आले. ते गुरव, त्यांना मज्जाव नव्हता. त्यांनी उघडा पडलेला शेंदूर पाहिला, सुनेची रक्ताळलेली बोटं पाहिली. ठकूला वाटलं, आता हे ओरडणार. संपलं सगळं!

सोमाबा ओरडले नाहीत. ते देवाजवळ गेले आणि त्यांनी त्या दगडावर आपला कान टेकवला. आत कोणीतरी घरघरत होतं, छाती भरलेल्या आजाऱ्यासारखं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी शेंदूर वाटायचा जड बत्ता उचलला, डोक्यावर नेला, आणि हात इतका कापू लागला की बत्ता खाली आला.

"माझ्यानं नाही होत, पोरी," ते पुटपुटले. "घे. तूच मार."

ठकूनं बत्ता मारला. एक घाव. बाहेर राजा गरजला, "काय चाललंय आत?" दुसरा घाव. पडदा टरकन फाटला. राजानं धावत येऊन तिचा दंड धरला. पण तिसरा घाव तोवर सुटला होता.

कडाड्! शेंदराचं कवच वरपासून खालपर्यंत तडकलं आणि दोन्ही अंगांना गळून पडलं. आणि मग देवानं श्वास सोडला. केवढा श्वास! पांढरी शुभ्र वाफ गर्जत आभाळात चढली. सगळे जमिनीवर आडवे झाले. वाफ निघत राहिली, निघत राहिली, आणि हळूहळू पायाखालची गुरगुर थांबली. तळ्याचं उकळणं मंदावलं. सेवकांच्या हातातला चांदीचा मुखवटा त्या वाफेनं काळाठिक्कर पडला होता.

राजानं डोकं वर केलं. समोर माथेश्वर होता. त्याच्यात राग नव्हताच कुठे! डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे, जसं खेळून दमलेलं मूल निजावं. त्या ओठांतून ऊन ऊन वारा येत होता.

"महाराज," सोमाबा म्हणाले, "शपथ पुरी करायची असेल तर दोघांना टाका. बत्ता मी दिला."

राजा उठून उभा राहिला. मग त्यानं डोक्यावरचा मुकुट काढून खाली ठेवला. "मी तर शिसं ओतायला निघालो होतो," तो म्हणाला. "मला कुठे टाकायचं, सोमाबा?" मग तो ठकूकडे वळला. "बाई, शपथ माझी होती, ती मीच मोडतो. मोडल्याचं जे पाप असेल ते माझ्या माथी येवो." आणि त्यानं गळून पडलेलं जड कवच स्वतःच्या खांद्यावर घेतलं. निर्माल्य पाण्यात सोडतात तसं, एकेक तुकडा नेऊन, हात जोडून त्यानं तळ्यात सोडला. सेवक पुढे आले, तर म्हणाला, "नको. हे ओझं माझं आहे."

सांज व्हायच्या आत ठकू डोंगर उतरली. दोघी लेकी उंबऱ्यात वाट पाहत होत्या. तिनं दोघींना पोटाशी धरलं, आणि दिवसभर न आलेलं रडू तिला तेव्हा आलं.

पुढे माथेश्वराला शेंदूर लागत राहिला, पण बोटभर आणि पायांवर. विहिरींचं पाणी गोड झालं. तळं निवलं, मासे आले, भिमीची चेष्टा परत आली. राजा सुखानं नांदला, गाव सुखानं नांदलं, ठकूच्या लेकी मोठ्या होऊन चांगल्या घरी पडल्या.

डोंगर निजला बरं का, बाळांनो. आता तुम्हीही निजा. पांघरूण गळ्यापर्यंत घ्या, तोंडावर नको. देवाचं नाव घ्या आणि डोळे मिटा.