स्पॅममध्ये सापडलेले साहेब

सांगलीतल्या एका मिक्सर कारखान्याचे मालक रणनवरेसाहेब म्हणजे बडं प्रस्थ. भामट्यांच्या ईमेलना आळा घालायला त्यांनी स्वतः निवडून कडक स्पॅम फिल्टर बसवला आणि झालं भलतंच. ग्राहकांच्या तक्रारीही स्पॅममध्ये जाऊ लागल्या. उत्तर न मिळालेले ग्राहक फोनवर शिव्या घालत आणि खापर फुटे ते ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या मृणालिनी तगारेच्या डोक्यावर.

"साहेब, फिल्टर खऱ्या ग्राहकांना अडवतोय," तिने सांगून पाहिलं.

"भल्या माणसाला माझा फिल्टर अडवत नाही!" साहेब गरजले. "काम सुधारा, नाहीतर दुसरी नोकरी बघा."

मृणालिनी शांतपणे म्हणाली, "मग आपणच घरच्या ईमेलवरून एक तक्रार पाठवा ना. समजा, मिक्सर पहिल्याच दिवशी जळाला."

साहेबांनी तिथल्या तिथे मोबाइल काढून हौसेनं लिहिलं, "तातडीचे! पैसे ताबडतोब परत करा, नाहीतर कोर्टात खेचतो!"

दोघं वाट पाहत बसले. ईमेल काही येईना. शेवटी मृणालिनीने स्पॅमचा कप्पा उघडला. लॉटरीचं बक्षीस आणि टकलावर केस उगवणारं तेल यांच्या पंगतीत साहेबांची तक्रार बसली होती.

"म्हणजे मी भामटा?" साहेब कडाडले.

"छे हो, साहेब! तुम्ही फक्त आपले ग्राहक झालात. इथे यायला तेवढा गुन्हा पुरतो."

साहेब आधी लालबुंद झाले, मग खो खो हसत सुटले. त्याच दुपारी फिल्टर सैल झाला, अडकलेल्या तक्रारी भराभर बाहेर आल्या आणि मृणालिनीच्या जिवात जीव आला.