तात्यांची गाठ

चूक तात्या म्हसवड्यांची होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गल्लीतली मोठी माणसं बराच वेळ म्हणत राहिली की चूक शेळीची.

शेळीचं नाव बगळी. कापसासारखी पांढरी, कानांच्या टोकांना चिमुकले काळे ठिपके. अबोलीच्या घरी संपत्ती म्हणावी अशी तेवढीच. बाकी एक पत्र्याची खोली, लोकांची धुणीभांडी करणारी आई आणि बगळीच्या दुधावर वाढणारा इवलासा भाऊ. त्या सकाळी बगळी बागेतल्या पिंपळाखाली आडवी पडली होती. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, तोंडातून लाल दोऱ्याचं टोक लोंबतंय.

असल्या लाल दोऱ्यानं गच्च बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पिंपळाखाली रोज पडत. आत निर्माल्य. तात्या ठेवत आणि वर हात जोडत.

"हा कचरा आहे ना, तात्या?" अबोलीनं एकदा विचारलं होतं.

"तोंड सांभाळ! देवाची फुलं आहेत ती. आणि तो गोळीचा कागद डब्यात टाक. रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

अबोलीला तेव्हाही काही कळलं नव्हतं.

आता तिचं एक टपोरं आसू घरंगळलं आणि खालच्या सुकलेल्या झेंडूवर पडलं. झेंडू हलला. पाकळी पाकळी सोन्यासारखी उजळली आणि आतून बोटाएवढी परी बाहेर आली. पिवळाधमक झगा, केशरी पंख, केसांत दवाचे मणी. एका पंखाला मात्र पिशवीचा तुकडा चिकटलेला. ती तो झटकत होती, पण तो काही निघेना.

"रडू नको गं, सोनुले. तुला दोन इच्छा देते. पण अट आहे. टाकलेली वस्तू मला तेव्हाच हलवता येते, जेव्हा टाकणारा स्वतः म्हणतो, 'ही माझी.' खोटं चालत नाही."

"बगळीच्या पोटातली पिशवी काढ! माझी आहे ती, माझी!"

परीचे पंख मिटले. "तुझी नाही, राणी. एक इच्छा गेली."

"मग कुणाची?"

"मलाही कळेना. फुलं म्हणतात, आम्ही देवाची. देव म्हणतो, फुलं पोचली, पिशवीचं तुम्ही बघा."

परी तिच्या वेणीत लपली. अबोलीनं बगळीला गोणपाटावर घातलं आणि ओढत ओढत चौकातल्या मांडवात आणलं. तिथं गल्ली स्वच्छ ठेवल्याबद्दल तात्यांचाच सत्कार चालला होता. शाल ताटात होती, गळ्यात हार पडला होता.

"अगं ए, शेळी कुठं घुसवतेस?" शेजारच्या सुमनकाकू खेकसल्या.

"तात्या, मला एक सांगा. पिंपळाखालची पिशवी कुणाची?"

"देवाची."

"देवानं कुठून आणली?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. "फुलं देवाची गं," तात्या म्हणाले. "पिशवी... पिशवी दुकानदाराची."

"विकली की माझा संबंध संपला!" दुकानदार मागून ओरडला.

"मग नगरपालिकेची," सुमनकाकू म्हणाल्या.

"छे! शेळीनं खाल्ली ना? मग शेळीची," एक आजोबा म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

अबोलीचं डोकं गरगरलं. एवढी मोठी मोठी माणसं, एवढीशी पिशवी आणि मालक कुणीच नाही? तेवढ्यात बगळीनं एक पाय झाडला आणि ती निपचित पडली.

अबोलीनं लोंबता दोरा चिमटीत धरला. "मग ही गाठ तरी कुणाची?"

तात्यांची छाती फुगली. "गाठ माझी! लोकांसारखी उघडी घाण नाही टाकत मी. नीट बांधून टाकतो."

"टाकता?"

तात्यांनी सुमनकाकूंकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं. कुणी नजर देईना.

"हो, माझी! पिशवी माझीच! झालं समाधान?"

दया आली म्हणून नव्हे. दुसरं उत्तर उरलं नव्हतं म्हणून.

"आता काढ ना गं!" अबोली वेणीतल्या परीला कुजबुजली. सोनेरी झुळूक आली. दोरा, पिशवी, गाठ, सगळं झगमगत बाहेर आलं आणि हवेत विरून गेलं. बगळी फटकन शिंकली, उठली आणि तात्यांच्या गळ्यातला हार खाऊ लागली. अबोलीनं आधी त्याचा दोरा ओढून काढला.

"पहिली इच्छा तुला परत," परी म्हणाली. "खोटी होती, पण जीव लावून मागितली होतीस."

"पिंपळाखाली बगळीला चरायला जागा कर."

पण अट तीच. अबोली पिंपळाखाली जाऊन उभी राहिली आणि एकेक पिशवी उचलून विचारू लागली, "ही कुणाची?" लोक एकेक करून येऊ लागले, खालमानेनं. "ही माझी." "हीसुद्धा." सुमनकाकूंच्या तर चार निघाल्या. पिशव्या चमचमत विरल्या आणि मातीतून कोवळं, पोपटी गवत वर आलं. परीच्या पंखाचा तुकडाही गळून पडला. ती हसली, उंच उडाली आणि उन्हाच्या एका कवडशात मिसळून गेली.

थरथरणाऱ्या बगळीच्या पाठीवर, काम टाकून धावत आलेल्या अबोलीच्या आईनं सत्काराच्या ताटातली शाल घातली. तात्यांना ती मिळाली नाही, आणि पुन्हा कधी कुणी दिलीही नाही.