थंडीची मोरी

एक होता राजा. त्याचं नाव मला ठाऊक नाही, आणि आपल्याला त्याच्या नावाचं कामही नाही. राणीचं नाव होतं केवडा. ती समुद्रकाठची. लग्न करून आली ती थेट घाटावर, डोंगराच्या पायथ्याशी. मुक्ते, पांघरूण ओढू नकोस, ते तुला एकटीला दिलेलं नाही.

तर या राणीनं माहेराहून काय आणलं? सोनं नाही आणलं. नागवेलीच्या तीन वेली आणल्या. नागवेल म्हणजे विड्याच्या पानांची वेल, बरं का. त्याच साली समुद्र उधाणला आणि तिच्या माहेरची सगळी वाडी घेऊन गेला. माणसं वाचली, झाड एकही वाचलं नाही. मग त्या जातीची वेल जगात उरली कुठे? राणीच्या बागेत. तिथल्या तीन. काड्या तोडून लावून पाहिल्या, पण नवी माती, एकही धरली नाही. म्हणजे या तीन गेल्या की माहेरचं हिरवं पान म्हणून जगात काही नाही.

मग आला हिवाळा. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. सकाळी राणी बागेत गेली तर एक वेल काळी. उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी. राणी रडली. रडून वेल फुटत नाही, पण रडली.

मग तिनं डोळे पुसले आणि माहेरी करतात तेच केलं. समुद्रकाठी खारा वारा सुटतो, तो पानं जाळतो. म्हणून तिथे वाडीभोवती झावळ्यांचं कुडण घालतात, म्हणजे कुंपण. घाटावर झावळ्या कुठल्या? राणीनं कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून बागेला दाट कुडण घातलं. म्हणाली, आता बघू वारा कसा शिरतो.

दुसरा हिवाळा आला. वारा शिरला नाही. पहिल्याच कडाक्याला दुसरी वेल मेली.

आता काय म्हणावं? पण माणसाचं असंच असतं. औषध लागू पडलं नाही की तेच औषध दुप्पट घ्यायचं. राजा म्हणाला, “कडबा तो कडबाच. दगडाची भिंत बांधू.” मग बागेला चारी बाजूंनी भिंत झाली. पुरुषभर उंच, चुन्यात बसवलेली. लिंबाजी माळ्यानं खालच्या अंगाला, नदीकडे, दार ठेवलं होतं. राणीनं तेही बुजवून घेतलं. वर चढायला शिडी, आत उतरायला शिडी. मुंगीला वाट नव्हती.

तिसरा हिवाळा आला. शेवटच्या वेलीची बुडाजवळची पानं काळी पडायला लागली. आज दोन, उद्या चार. राणीला अन्न गोड लागेना. दिवेलागणीला ती शेगडी घेऊन वेलीपाशी जाऊन बसली. वेलीला ऊब मिळावी म्हणून. शेणीचा धूर निघाला. धूर वर जातो की नाही? हा गेला नाही. जरासा उठला, आडवा झाला आणि सरपटत नदीकडच्या भिंतीशी जाऊन थांबला. तिथे साचत राहिला.

राणी बघत राहिली. तेवढ्यात त्या धुरातून कुणीतरी कण्हलं. बघते तर एक म्हातारी. जाडजूड, पांढरी, भिंतीला पाठ लावून बसलेली.

“अगं, वाट दे ना,” म्हातारी म्हणाली. “किती वेळ बसवून ठेवशील?”

“तुम्ही कोण, आजी?”

“मी थंडी.”

मग राणी चिडली. चिडेल नाही तर काय! म्हणाली, “माझ्या दोन वेली तुम्हीच मारल्यात. वाऱ्याबरोबर येता आणि मारता. आता भिंतीवरून कशा आलात?”

थंडीला हसू आलं. म्हणाली, “मी कुठली वाऱ्याबरोबर येते! दिवसभर उन्हानं जमीन तापते. सूर्य बुडाला की ती सगळी ऊब आभाळाला देऊन टाकते. ढग असले तर गोधडी असते अंगावर, ऊब टिकते. आभाळ स्वच्छ असलं की गोधडी नाही. मग जमीन गार, आणि जमिनीला टेकलेली हवाही गार. ती हवा म्हणजे मी. ऊब हलकी, ती वर राहते. मी जड. मला उताराशिवाय चालता येत नाही. डोंगरावरून उतरते, पाण्यासारखी, आणि नदीच्या खोलगटात जाऊन पडते. रोजची वाट माझी. तू मध्ये हौद बांधलास. वरच्या भिंतीवरून सांडते मी, आणि खालच्या भिंतीशी तुंबते.”

“आणि वारा?”

“वारा तुझा मित्र होता, बाई. तो मला ढवळतो, वरची ऊब खाली आणतो. पहिल्या साली तो पडला होता, म्हणून मी रेंगाळले आणि एक वेल गेली. मग त्यालाच तू बाहेर ठेवलंस. चालत गेले तर मी पानाला नुसती शिवते. बसले की मारते. मला मारायचं नसतं, पण माझं वजन मी कुठे ठेवू?”

राणी उठली. पहार मागवली. राजा धावत आला. म्हणाला, “राणी, भिंतीला भोक पाडलंस तर थंडी आत येईल!”

“आतच आहे ती,” राणी म्हणाली. “तिला जाऊ द्यायचंय.”

मग राणीनं स्वतः पहार घातली. नदीकडच्या भिंतीच्या अगदी बुडाशी. हाताला फोड आले. एक दगड निघाला, दुसरा निघाला, आणि तिसरा निघाल्याबरोबर तिच्या घोट्यांवरून गार काहीतरी वाहायला लागलं. ओढ्यात पाय सोडावेत तसं. धूरही त्या मोरीतून सळसळत बाहेर गेला. राणीनं मोरी चांगली रुंद केली. मग लिंबाजीनं वरच्या अंगाचीही भिंत पाडायला घेतली, तेव्हा राणी म्हणाली, “ती राहू दे. बरीचशी म्हातारी तिच्या कडेकडेनं वळून जाईल, वरून सांडेल तेवढी मोरीतून जाईल.”

सकाळी नदीकाठचं गवत पांढरं झालं होतं. दव गोठलं होतं तिथे. बागेत वेलीची आणखी एक दोन पानं गेली होती. शेंडा हिरवा होता. राणी शेंड्याला हात लावून तिथेच खाली बसली, आणि राजा तिच्याशेजारी बसला.

पुढे त्या वेलीला फुटवे आले, वेल आता या मातीला सरावली होती, म्हणून त्यांची काडीही धरली आणि गावात घरोघरी नागवेल चढली. आता त्या गावात कुणीही कुंपण घातलं की उताराकडे बुडाशी एक मोरी ठेवतात. पाणी नसलं तरी ठेवतात. परका माणूस विचारतो, ही कशाला? गावकरी सांगतात, आमच्याकडे रात्रीची एक म्हातारी जाते. तिला आत घ्यायचं नसतं, आणि अडवायचंही नसतं.

झालं. राणी सुखात, राजा सुखात, वेल तर सगळ्यांत सुखात. आता डोळे मिटा बघू. म्हातारी तिच्या वाटेनं गेली, तुम्ही तुमच्या झोपेत जा.