वळणावरचा संशय

प्राणी पायांत चाकांचे बूट घालून धावत, त्या काळातली ही गोष्ट. धरणाच्या रस्त्यावर शर्यत ठरली होती आणि जो जिंकेल तो रानाचा टपाल्या होणार होता. झिपऱ्या मुंगसाला ते काम हवं होतं, आणि घोरपडीलाही. तरी तीच त्याला शिकवायला आली, तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"गुडघे वाकव. पाय मागे नको, बाजूला रेट," ती म्हणाली.

पुढे जायचं तर बाजूला कशाला रेटायचं? ही आपल्याला पाडणार, असं झिपऱ्याला वाटलं. भीतभीत त्याने करून पाहिलं, तर वेग आला. त्यामुळे त्याचा संशय आणखीच वाढला. आधी विश्वास कमावेल, मग दगा देईल.

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "वळणावर आतल्या बाजूला झुक आणि बाहेरचा पाय आतल्या पायापुढून टाक."

हाच तो दगा, असं झिपऱ्याने मनाशी पक्कं केलं.

शर्यतीत दोघे बरोबरीने वळणाशी पोहोचले. घोरपड झुकली आणि पायापुढून पाय टाकत सुसाट निघून गेली. झिपऱ्या ताठ राहिला आणि थेट घाणेरीच्या झुडपात शिरला.

शर्यत जिंकून घोरपड परत आली आणि त्याच्या अंगातले काटे काढू लागली.

"घोरपडताई, खरं सांग," तो म्हणाला, "मला शिकवण्यात तुझा काय फायदा होता?"

"एकटीने धावून वेग वाढत नाही रे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर झिपऱ्या आत झुकला. एक डोळा मात्र त्याने तिच्यावर ठेवलाच होता.