राजाने खुडू न दिलेली पानं

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा मासोळ्या बोलत, आणि राजे कधीमधी ऐकतही असत.

एका राजवाड्यात काचेच्या भिंतींचा मोठा हौद होता. राजाच्या आत्याने तो हौसेने सजवला होता. तळाशी वाळू, वाळूत नाजूक पाणगवत, गवतातून फिरणाऱ्या चंदेरी मासोळ्या आणि कोपऱ्यात कुमुदाचा एक कंद. कुमुदाची पानं पाण्यावर पसरू लागली की आत्याबाई स्वतः हात घालून जास्तीची पानं देठापासून खुडत.

एकदा त्या दूर राहणाऱ्या लेकीकडे निघाल्या. जाताना राजाला म्हणाल्या, "बाळा, पानं खुडत राहा हं. सगळं पाणी झाकू देऊ नकोस."

राजा हो म्हणाला. पण थोड्याच दिवसांत कुमुदाला टपोरं पांढरंशुभ्र फूल आलं. दरबारी वाहवा करू लागले. राजा फुशारला.

"या झाडाच्या पानाला कोणी बोट लावायचं नाही!" त्याने फर्मावलं.

पानं पसरत गेली. खाली ऊन पोचेना. पाणगवत पिवळं पडलं, मग कुजलं. मासोळ्या पानांच्या फटींतून तोंडं वर काढून धापा टाकू लागल्या.

शेवटी एक म्हातारी मासोळी काचेपाशी आली. "महाराज, जीव घुसमटतोय. थोडी पानं तरी काढा."

राजा हसला. "एवढं देखणं फूल डोक्यावर डोलतंय आणि तुमची तक्रारच?"

"फूल तुम्हाला दिसतं, महाराज. आम्हाला नुसता अंधार दिसतो."

राजा पुन्हा हसला. समोर जीव तडफडत होते आणि हा हसत होता! भोवती एवढे शहाणेसुरते उभे होते, पण एकाचीही जीभ उचलली नाही. सगळे फुलाचं कौतुक करण्यात गुंग.

आत्याबाई परतल्या तेव्हा हौदाला घाण येत होती. पानांवर पानं चढली होती, फूल एकही उरलं नव्हतं. कितीतरी मासोळ्या मरून तरंगत होत्या. त्यांत ती म्हातारीही होती. वाचलेल्या मासोळ्यांनी आत्याबाईंना सगळी हकिकत सांगितली.

"आत्या, मी तर झाडावर मायाच केली," राजा पुटपुटला.

"माया?" आत्याबाई कडाडल्या. "दुसऱ्याच्या जिवावर? त्या मासोळीने तुला सांगितलं, विनवलं, तरी तुला ऐकू आलं नाही? उतर हौदात! पानं तूच काप, आणि मेलेली एकेक मासोळी तुझ्याच हातांनी उचल."

राजा चिखलात उतरला. पानं कापता कापता त्याला रडू कोसळलं. त्याने कंद उपसून अरुंद कुंडीत लावला, नवं पाणगवत रुजवलं. तळाशी पुन्हा ऊन पोचलं. पुढे पानं तोच खुडू लागला.

पण तो दाणे घेऊन आला की वाचलेल्या मासोळ्या पलीकडच्या कोपऱ्यात निघून जात. जन्मभर त्याच्या हातचा दाणा एकीनेही खाल्ला नाही.

तात्पर्य : एकाचे लाड करताना दुसऱ्याचा श्वास कोंडत असेल, तर ती माया नव्हे, अन्याय आहे.